गडावरची रात्र आणि पाठीवरचं ओझं

पावसाळ्यातला एखादा गर्दीचा रविवार सरला किंवा ३१ डिसेंबरची रात्र उलटली, की सह्याद्रीतल्या तंबूंवरून हमखास वाद पेटतो. कुणीतरी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या बाटल्यांचा फोटो टाकतं, कुणी स्पीकर लावून नाचणाऱ्या टोळक्याचा व्हिडिओ टाकतं, आणि दोन दिवसांत मागणी उभी राहते: गडांवर, पठारांवर, जंगलात रात्रीचा मुक्कामच बंद करा. समोरून तितक्याच तावातावानं उत्तर येतं: सह्याद्री कुणाच्या बापाचा नाही, आम्ही वर्षानुवर्षं गडांवर झोपत आलोय. मग बंदीवाले प्रत्येक मुक्कामी माणसाला बेवडा ठरवतात आणि मुक्कामवाले प्रत्येक बंदीवाल्याला घरकोंबडा. दोन्हीकडे माझी माणसं आहेत. दोन्हीकडचं खरं दुखणं मला कळतं, आणि म्हणूनच हा वाद असा भरकटलेला बघून जीव तुटतो.

माझं म्हणणं सरळ आहे. सरसकट मुक्कामबंदी चुकीची आहे आणि सरसकट मोकळीकही चुकीची आहे. नियम करायचाच तर घड्याळाकडे बघून करू नये. डोंगरावर किती माणसं चढली, त्यांनी काय काय वर नेलं आणि त्यातलं किती खाली आणलं, हे बघून करावा. दोघं-तिघं जण पाठीवर मावेल तेवढंच घेऊन दिवेलागणीला पोचतात, चूल न पेटवता झोपतात आणि उजाडल्यावर निघतात. दुसरीकडे भाड्याचे चाळीस तंबू, जनरेटर, कोंबडीचं मॅरिनेशन आणि रात्री दोनपर्यंत गाणी. या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, ‘कॅम्पिंग’. वादाची वाट इथंच चुकते.

गेल्या हिवाळ्यात पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर गेले होते. शनिवार-रविवारची गर्दी उतरून गेली होती, सोमवारची सकाळ होती. कड्याअलीकडच्या सपाटीवर फिरत मी चुलींच्या काळ्या खुणा मोजल्या. सदतीस झाल्यावर मोजायचं सोडलं. प्रत्येक ठिकाणी तीन दगड, मध्ये अर्धवट जळालेल्या कारवीच्या काटक्या आणि चिप्सच्या पाकिटांचा वितळून झालेला चंदेरी गोळा. काही ठिकाणी तंबूभोवती पाणी जायला चर खणलेले होते. पावसाळ्यातले असणार ते. त्या चरांतून माती वाहून गेली होती आणि खालचा कातळ उघडा पडला होता. तिथून पन्नास पावलांवर आदल्या रात्री एक लहान तंबू लागला होता, तो मी स्वतः पाहिला होता. सकाळी तिथं दबलेल्या गवताचा एक चौकोन तेवढा उरला होता. उन्हं वर आल्यावर परत पाहिलं तर तो नेमका कुठं होता हे सांगता येईना. रात्र चुलीवाल्यांनी आणि त्या लहान तंबूवाल्यांनी, दोघांनीही काढली होती, त्याच सपाटीवर.

आता बंदीवाल्यांचा मुद्दा, आणि तो नीट मांडायला हवा, कारण त्यांचे बरेच समर्थकही तो नीट मांडत नाहीत. त्यांचं सगळ्यात भक्कम कारण बाटल्या नाहीत. बाटल्या गोणीत भरून खाली आणता येतात, दर वर्षी कितीतरी संस्था ते काम निमूटपणे करतात. भक्कम कारण आहे ते सकाळच्या विधीचं. दोनशे माणसं रात्री वर झोपली की सकाळी दोनशे माणसं आडोसा शोधतात. परदेशी पुस्तकांत नियम असतो: पाण्यापासून साठ मीटर लांब जा, पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा करा, वर माती लोटा. तो नियम आपल्याकडे आंधळेपणानं सांगितला जातो. सह्याद्रीच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, पंधरा सेंटिमीटर माती आहे कुठे? चार बोटांवर कातळ लागतो. जे उघड्यावर पडतं ते पहिल्या पावसात उताराला लागतं, आणि उताराला बहुधा गडाचं टाकं असतं. तेच पाणी आपण बाटलीत भरतो, गुराखी पितो, वर दुकान मांडणारी मावशी त्यातच पीठ मळते. इथं एकेकट्या माणसाची सद्बुद्धी पुरी पडत नाही. माणसं एका संख्येपलीकडे गेली की सगळे साधुसंत असले तरी टाकं घाण होणारच. हे मी पूर्णपणे मान्य करते.

दुसरा मुद्दाही खरा आहे. रात्र ही जनावरांची वेळ. बिबट्या, उदमांजर, साळिंदर यांचा दिवस तेव्हा सुरू होतो. रातवा हा पक्षी तर घरटं न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, आणि ती पाचोळ्यात इतकी मिसळून जातात की बॅटरीच्या उजेडातही पायाखाली येतील. तिसरा मुद्दा बचाव पथकांचा. रात्री वाट चुकलेल्यांना शोधायला आपली नोकरी-धंदा सांभाळून, कुणाकडून एक पैसा न घेता मुलं-मुली उठून जातात. त्यांचा जीव स्वस्त नाही. आणि बाई म्हणून मी एक चौथा मुद्दा घालते: शेजारच्या तंबूतली पिऊन तर्र झालेली टोळी ही निसर्गाआधी माझ्यासाठी धोका असते. अशी रात्र मी जागून काढलेली आहे, हातात काठी धरून. तेव्हा ‘मोकळीक’ हा शब्द माझ्यापुढे कुणी फार आळवू नये.

हे सगळं खरं असूनही मुक्कामबंदी त्यावरचा इलाज का नाही? कारण यातला एकही त्रास फक्त रात्रीचा नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ती रविवारची दुपार होती. लोहगडाच्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी मुंगीला शिरायला जागा उरत नाही, चढणारे वर जाऊ शकत नाहीत आणि उतरणारे खाली येऊ शकत नाहीत, तेही भरदिवसाच. कासच्या पठारावर फुलं तुडवली गेली ती फोटोसाठी आडवं पडणाऱ्यांकडून, लख्ख उन्हात. तिथं काय केलं? दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी सुरू केली, आसपासच्या गावांच्या समित्यांना कामाला लावलं. संख्येला हात घातला, तेव्हा फरक पडला. आणि जिथं नुसता मज्जाव केला तिथं काय झालं, हेही कासनंच दाखवलं. पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरांची ये-जा थांबली, गवत माजलं, फुलं मागे पडू लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनीही केली आणि शेवटी ते कुंपण काढावं लागलं. ज्या पायांनी पठार राखलं होतं तेच पाय आपण बाहेर काढले होते.

बंदी नेमकी कुणाला थांबवते, हाही प्रश्न आहे. अभयारण्यात धोका होईल अशी आग पेटवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं १९७२ पासूनच गुन्हा आहे. कायदा आहे, आणि अभयारण्यातच येणाऱ्या हरिश्चंद्रगडावर त्या सदतीस चुलीही आहेत. जो फलक वाचून मागे फिरतो तो मुळातच चूल पेटवणारा नव्हता. जो पेटवतो त्यानं फलकाचंच सरपण केलेलं मी पाहिलं आहे. म्हणजे बंदी आली की हलकी पावलं आधी जातात आणि दणकट बूट मागे राहतात, ओळखीपाळखीनं, चिरीमिरीनं, अंधाराच्या आडोशानं. याच कायद्याच्या २८व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कशासाठी देता येतो ते लिहिलं आहे, आणि त्या यादीत अभ्यासाबरोबर छायाचित्रण आणि पर्यटनही आहे. कायदा करणाऱ्यांनी माणसाला जंगलाबाहेर काढायचं ठरवलं नव्हतं. परवाना ठेवला होता, म्हणजे कोण आत गेलं याचा हिशेब ठेवला होता.

‘पण पूर्ण बंदी राबवायला सोपी असते,’ असं एक वनखात्यातलं जाणतं माणूस मला म्हणालं. वरवर पटतं. पण विचार करा: एका वनरक्षकाकडे मैलोन्‌मैल पसरलेलं जंगल असतं. मुक्कामबंदी राबवायची तर त्यानं रोज रात्री डोंगरमाथ्यावर असायला हवं, कारण गुन्हा वर घडतो. संख्येची मर्यादा राबवायची तर पायथ्याच्या गावात एक माणूस आणि एक वही पुरते, कारण प्रत्येकाला जावं लागतं ते गावातूनच. यातलं सोपं कुठलं?

बंदीचा आणखी एक परिणाम होतो, त्याकडे कुणी बघत नाही. माथ्यावरून सूर्योदय बघायची ओढ बंदीनं मरत नाही. वर झोपता येत नसेल तर माणसं मध्यरात्री चढतात. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर शनिवारी रात्री बॅटऱ्यांची माळ लागलेली असते, त्यात पहिल्यांदाच डोंगर बघणारे, झोप न झालेले, शहरातून पाच तास गाडीत बसून आलेले लोक असतात. संध्याकाळी उजेडात चढून वर गुपचूप झोपलेला माणूस जास्त सुरक्षित, की पहाटे तीनला दवानं निसरड्या झालेल्या शिडीवर दुसऱ्याच्या टाचेला डोकं लावून उभा असलेला? आणि जनावरांचं म्हणाल, तर तंबूत निजलेल्या तिघांपेक्षा रात्रभर वाटेवरून गप्पा मारत जाणारे तीनशे त्यांना किती जास्त छळत असतील?

उत्तराखंडचं उदाहरण आपल्याकडे दोन्ही बाजूंनी अर्धवट सांगितलं जातं. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं बुग्याळांवर, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. अली आणि बेदनी बुग्याळांची अवस्था खरोखरच वाईट झाली होती. शेकडो तंबू, कायमची बांधकामं, खेचरांचे तांडे. न्यायालय पेटलं ते उगाच नव्हे. पण त्याच आदेशात दुसरी एक गोष्ट होती: बुग्याळावर जाणाऱ्यांची संख्या दोनशेच्या वर नको. माझ्या मते आदेशाचा जीव या दुसऱ्या वाक्यात होता. पण पहिल्या वाक्याचाच गाजावाजा झाला. या बुग्याळांतून जाणाऱ्या रूपकुंडाच्या वाटेवरचे व्यावसायिक ट्रेक बंद पडले आणि लोहाजंग-वाणकडच्या वाटाड्यांच्या आणि खेचरवाल्यांच्या हातचं काम गेलं. दोनशेची मर्यादा कसोशीनं पाळून, बांधकामं काढून, मोजक्या तंबूंना मुभा देता आली नसती का?

इंग्लंडमधल्या डार्टमूरचा खटला तर आपण मुद्दाम वाचावा असा आहे. तिथल्या एका मोठ्या जमीनमालकानं दावा लावला की माझ्या माळरानावर विनापरवानगी तंबू ठोकायचा कुणालाच हक्क नाही. आग, कचरा आणि गुरांना त्रास ही कारणं. जानेवारी २०२३ मध्ये तो जिंकला. त्याच वर्षी अपिलात हरला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की १९८५च्या डार्टमूरच्या कायद्यातल्या ‘मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्या’त रानात तंबू लावून राहणंही येतं. आणि आग, कचरा, धिंगाणा? त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाचे नियम आहेतच, ते मोडणाऱ्याला पकडा, असा त्या निकालाचा रोख आहे. स्कॉटलंडनं २००३ सालीच कायद्यानं रानात फिरण्या-राहण्याचा हक्क दिला. पण लॉक लोमंड या तळ्याच्या काठावर गर्दीनं कहर केल्यावर २०१७ पासून तिथं ठरावीक पट्ट्यांत, मार्च ते सप्टेंबर, परवाना लागतो. हक्क सगळीकडे, लगाम फक्त जिथं ताण आहे तिथं आणि तेव्हा. आपल्याकडे हरिश्चंद्रगड, राजमाची, कळसूबाई अशा मोजक्या ठिकाणी शनिवार-रविवारचा ताण असतो. मंगळवारी तिथं चिटपाखरू नसतं. बंदी मात्र मंगळवारवरही पडते.

परदेशी दाखले पुरे. गडावर माणसानं राहावं कसं, याचा विचार आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या स्वच्छतेबद्दल सांगितलं आहे की वाटांवर, तटावर केर पडू देऊ नये. तो गोळा करून गडाखाली लोटून देऊ नये. जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि भाजीपाला करावा. शेकडो माणसं कायमची राहत असलेल्या गडाबद्दलचा हा हुकूम आहे. आजचा कचरा प्लॅस्टिकचा, तो जाळून चालणार नाही, पण तत्त्व तेच: जे वर आणलं त्याची जबाबदारी वर आणणाऱ्याची. गड ओस ठेवा, असं त्यात कुठेही नाही. गड ओस ठेवायची कल्पना नंतरची, इंग्रजांच्या काळातली. १८७८च्या वन कायद्यानं जंगलाभोवती रेघ ओढली आणि आतल्या माणसाला चोर ठरवलं. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलणारे लोक त्याच रेघेविरुद्ध उभे होते. त्यांचा लढा पोटाचा होता, आपला हौसेचा आहे. दोन्हींची बरोबरी करणं म्हणजे त्यांचा अपमान. तरीही रेघ ओढण्याची सरकारी सवय तीच आहे, आणि ती ओढली की आपल्या तंबूंच्या कितीतरी आधी अडतो तो डोंगरातला महादेव कोळी, ठाकर, धनगर. हौशी माणूस दुसऱ्या डोंगरावर जाईल. गुराखी कुठे जाईल?

आता ‘हलकं जा’ या माझ्या आग्रहावरचे दोन आक्षेप. पहिला: हलकं म्हणजे अपुरं, आणि अपुऱ्या सामानाचा माणूस संकटात पडून पथकांना कामाला लावतो. हा धोका खरा आहे. रेनकोट घरी ठेवून वजन कमी केलं असं सांगणारे मला भेटलेत. त्यांनी वजन कमी केलं नाही, ते दुसऱ्याच्या पाठीवर टाकलं. पहिल्या मुक्कामाला माझी पाठपिशवी रद्दीवाल्याच्या हुकाच्या काट्यावर सतरा किलो भरली होती. आज पाणी आणि शिधा धरून ती आठच्या आत असते. काय गेलं त्यातून? कुऱ्हाड गेली, पातेली गेली, बार्बेक्यूची जाळी गेली, जीन्स गेली, काचेच्या बरण्या गेल्या, तीनातल्या दोन लेन्स गेल्या. ऊब, कोरडे कपडे, पाणी, औषधं आणि दिवा यांना हात लावलेला नाही. बघा, जे गेलं त्यातलं बरंचसं डोंगराला इजा करणारंच होतं. कुऱ्हाड नसली की लाकूड तुटत नाही. घरून दशम्या आणि चटणी नेली की चूल लागत नाही. वजन आणि खुणा यांचा संबंध असा सरळ आहे.

दुसरा आक्षेप: हे श्रीमंतांचे चोचले, हलका तंबू वीस-तीस हजारांना पडतो. दुकानात गेलात तर पडतो. पण धनगराची घोंगडी बघा. ती अंथरूण आहे, पांघरूण आहे, पावसात डोक्यावर घेतली की खोळ आहे. तीन वस्तूंचं काम एका वस्तूनं करायचं, हे हलक्या प्रवासाचं मूळ सूत्र त्यानं कुठल्या दुकानातून विकत आणलं नाही. अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवूड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईनं तीन हजार किलोमीटरहून लांब अपलाचियन वाट एकटीनं चालून पुरी केली. खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पायात कॅनव्हासचे बूट, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. वारीला निघालेल्या आजींच्या गाठोड्याचं वजन कुणी करून बघावं. हलकं जाण्याला पैसे लागत नाहीत. घरी काय सोडून यायचं हे ठरवावं लागतं.

कॅमेऱ्याबद्दल बोलल्याशिवाय मात्र हा लेख प्रामाणिक होणार नाही, कारण गर्दी डोंगरावर येते ती आम्ही काढलेल्या फोटोंच्या बोटाला धरून. मे अखेर ते जून, भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा-सादड्याच्या झाडांवर काजवे चमकतात. त्यांचा प्रकाश म्हणजे नर-मादीची बोली, आणि टॉर्च किंवा फ्लॅश पडला की ती बोली तुटते. आम्ही काय करतो? कॅमेरा तिकाटण्यावर लावून अर्धा तास एकामागून एक फोटो घेतो, मग संगणकावर ते सगळे एकावर एक चढवतो. अर्ध्या तासातले सगळे लुकलुक एका क्षणात पेटल्यासारखे दिसतात, झाडाखालची जमीनही सोन्याची होते. असं डोळ्यांना कधीच दिसत नाही. तो फोटो बघून आलेला माणूस त्या झाडाखाली उभा राहतो, त्याला तेवढं दिसत नाही, म्हणून तो पुढे घुसतो, गवत तुडवतो, मोबाइलचा दिवा लावतो. मादी बहुतेकदा त्याच गवतात असते. मी स्वतः असे फोटो टाकलेले आहेत. आता टाकत नाही, आणि टाकणाऱ्यांनी निदान ‘इतक्या मिनिटांचे इतके फोटो जोडलेत’ असं खाली लिहावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. काजव्यांच्या झाडाचा पत्ता देऊ नये, हेही मला पटतं. गडांची नावं लपवण्यात मात्र अर्थ नाही. जुलै २०२५ मध्ये राजगड, साल्हेर, लोहगड यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. लोक येणारच, आणि येण्याचा त्यांना माझ्याइतकाच हक्क आहे.

मग करायचं काय? पायथ्याच्या गावाच्या हातात कारभार द्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि आपलं जंगल, आपला बांबू स्वतः सांभाळून दाखवला. तंबू सांभाळणं त्याहून अवघड नाही. गडावर एका रात्री किती माणसं मावतात हे टाक्यातलं पाणी आणि सकाळचा विधी बघून ठरवा, आणि आकडा निर्दयपणे लहान ठेवा. मोठा व्यवसाय करायचा असेल त्याचे तंबू माथ्यावर नकोतच, गावाच्या शिवारात, संडासाच्या सोयीसकट लागू देत. माथ्यावर चूल, स्पीकर, दारू बंद. तीन जणांपर्यंतच्या पाठपिशवीवाल्यांनी गावात नाव लिहावं, पैसे भरावेत, उतरताना कचऱ्याची पिशवी दाखवावी.

पाचनईत ज्या मावशींकडे मी पिठलं-भाकरी खाते, त्यांना विचारलं, मुक्काम बंद झाला तर? त्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, “ताई, राती राहनारी दोघं-तिघं असली का मला त्यांची तोंडं ठावं असत्यात. सकाळी पिशवी नाही दिसली तर मी माघारी धाडते त्यांना. दिसाचा लोंढा आला, का कोन काय टाकून गेलं, कोन बघनार?” वही ठेवायला त्या तयार आहेत, त्यांची सून बारावी झालेली आहे, ती लिहील. शनिवारी किती जणांना वर सोडायचं असं मी विचारलं, तर त्यांनी टाक्याच्या दिशेनं पाहिलं आणि पाऊस कसा झाला त्यावर आहे, म्हणाल्या.